आकडा राहू द्या, तारीख सांगा

दिग्रस, जि. यवतमाळ
आषाढी एकादशी, ६ जुलै २०२५

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,


आज पहाटे तुम्ही पंढरपुरात विठ्ठलाची शासकीय महापूजा केलीत. आमच्याकडे टीव्हीवर ती चालू होती तेव्हा मी चहा टाकत होते आणि डोक्यात पाच दिवसांपूर्वीचं एक गाऱ्हाणं घोळत होतं. ते तुमच्यापर्यंतच न्यायला हवं, कारण संशोधकांना फेलोशिप देणाऱ्या ज्या संस्थांविषयी लिहायचंय त्या चार वेगवेगळ्या खात्यांच्या छत्राखाली आहेत. बार्टी सामाजिक न्यायाकडे, सारथी नियोजनाकडे, महाज्योती इतर मागास बहुजन कल्याणाकडे आणि टीआरटीआय आदिवासी विकासाकडे. एका मंत्र्याला पत्र लिहिलं की तो सभ्यपणे दुसऱ्याचं नाव सांगतो. चौघांच्या वर तुम्हीच.

मी या जिल्ह्यात तीस वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे, ओट्यावर बसते आणि जुन्या विद्यार्थ्यांचे फॉर्म तपासते. १ जुलैला, म्हणजे कृषी दिनी, एक मुलगी बापाला घेऊन आली. हा दिवस वसंतराव नाईकांच्या जन्मदिनाचा. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे ते, १९१३ साली जन्मलेले, १९६३ ते १९७५ तुमच्याच खुर्चीत बसलेले. पंचायत समितीत हारतुरे चालले होते. या मुलीच्या बापाला मात्र कृषी दिनाला शेत सोडून माझ्याकडे यावं लागलं होतं.

मुलगी बंजारा, तांड्यावरची. एम.ए. मराठी. लेंगी गीतांवर तिला पीएचडी करायचीय. होळीच्या दिवसांत तांड्यावर जी गोरमाटी गाणी म्हणतात, ती. डिसेंबरच्या नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे यूजीसीची संशोधनवृत्ती, थोडक्यात हुकली, पण पीएचडी प्रवेशापुरती ती पात्र ठरली. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत तीन कागद. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात प्रवेश. पुण्याच्या विद्यापीठात प्रवेश. आणि तिसरा कागद अमरावती विद्यापीठाच्या इथल्याच एका संशोधन केंद्राचा, म्हणजे घरी राहून करायचा. आमच्या तांड्यावरून एका मुलीला तीन-तीन ठिकाणची बोलावणी यावीत याचा मला इतका आनंद झाला की मी आधी शिरा केला. कागद नंतर बघितले.

कागद बघता बघता शिरा थंड झाला.

साहेब, आमच्याकडच्या पैशाला ऋतू असतो. मुंबईत पगार एक तारखेला होतो, म्हणून तिथं बसून धोरण आखणाऱ्याला वाटतं की पैसा बारमाही असतो. इथं दसऱ्याच्या आगेमागे सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू होते, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस विकला जातो. सीसीआयला नाहीतर व्यापाऱ्याला. त्यातून वेचाई जाते, कृषी केंद्राची वर्षभराची उधारी जाते, मार्चअखेर सोसायटीचं कर्ज जातं. उरलंसुरलं उन्हाळ्यातल्या लग्नात. मे महिन्यात सरकीच्या बॅगा, जूनमध्ये पेरणी आणि पावसानं दगा दिला तर दुबार पेरणी, जुलैत खत, निंदण, डवरणी. आषाढात आमच्याकडे कुणी कुणाला उसने मागत नाही. मागणाऱ्याला लाज आणि देणाऱ्याला अडचण.

आणि देशातली यच्चयावत विद्यापीठं प्रवेशाची फी भरायला सांगतात ती नेमकी याच दिवसांत.

तर आम्ही लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. सगळ्यात मोठा आकडा पुण्याच्या कागदाशी जोडलेला होता. तो कागदावर छापलेला नव्हता, आशेवर होता. ती विमुक्त जातीची, त्यामुळे महाज्योतीच्या फेलोशिपला अर्ज करू शकते, आणि ही फेलोशिप यूजीसीच्या जेआरएफच्या धर्तीवर आखलेली. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, वर घरभाडं. हा आकडा ऐकून बाप ओट्यावर जरा सरळ बसला. त्याच्या घरात असा पैसा महिन्याच्या महिन्याला कुणी बघितलेला नाही.

मग मी क्रम सांगितला. आधी प्रवेश. मग कोर्सवर्क. मग विषयाचा आराखडा समितीपुढे, दुरुस्त्या, पुन्हा समिती, मग नोंदणीचं पत्र. ते हातात आलं की फेलोशिपच्या जाहिरातीची वाट. जाहिरात निघाली की अर्ज, छाननी, यादी, हरकती, अंतिम यादी, हमीपत्र, हजेरीपत्र, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, संशोधन केंद्राचा शिक्का. माझ्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना एका संस्थेची फेलोशिप मिळाली. प्रवेश आणि खात्यात पडलेला पहिला रुपया यांच्यात एकाचे चौदा महिने गेले, दुसऱ्याची जवळजवळ दोन वर्षं. पैसे आले तेव्हा थकबाकीसकट एकदम आले, हे खरं. पण तोवर एकानं पुण्यातली कॉट सोडून मित्राच्या खोलीत जमिनीवर दिवस काढले होते आणि दुसरा रात्री एका मॉलमध्ये सुरक्षारक्षक म्हणून उभा राहत होता. मध्ययुगीन मराठी गद्यावर काम करत होता तो. लीळाचरित्राच्या झेरॉक्सच्या पाठीमागे त्यानं ड्यूटीचं वेळापत्रक लिहिलेलं मी पाहिलंय.

म्हणून आम्ही चौदा महिने धरले. पुण्यात मुलींच्या खोलीत कॉट बेसिसवर साडेचार हजार. मेस साडेतीन हजार, रविवारी रात्री बंद. अभ्यासिका बाराशे, कारण एका खोलीत चार कॉट असतील तर वाचायला जागा विकत घ्यावी लागते. बस, मोबाइल, झेरॉक्स, साबण, औषध मिळून दीड हजार. झाले १०,७००. गुणिले चौदा म्हणजे एक लाख एकोणपन्नास हजार आठशे. यात डिपॉझिट नाही, एजंटचं कमिशन नाही, विद्यापीठाची फी नाही, दिवाळीत दुप्पट भावानं घरी आणणारी ट्रॅव्हल्स नाही.

बापानं हा आकडा लगेच कापसात केला. गेल्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता. वीस क्विंटल. त्याची कोरडवाहू कपाशी चार एकर, एकरी पाच क्विंटल झाला तर तो देवाचे आभार मानतो. म्हणजे अख्ख्या वावराचा अख्ख्या वर्षाचा कापूस, बियाण्याचा आणि फवारणीचा एक रुपयाही न वजा करता. तो हसला. मग त्यानं जे विचारलं त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलंय.

"मॅडम, किती भेटन ते राहू द्या. कवा भेटन ते सांगा."

मी तीस वर्षांत शेकडो मुलांना शिष्यवृत्त्यांची माहिती दिली. आकडे मला तोंडपाठ आहेत. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या कुठल्याही संस्थेच्या जाहिरातीत ते छापलेलं मी वाचलेलं नाही.

हैदराबादचा कागद बघू. दिग्रसहून हैदराबाद पुण्याहून जवळ. पुसद, उमरखेड, नांदेड आणि पुढं रेल्वे. तिथं जेआरएफ नसलेल्या संशोधकालाही यूजीसीची नॉन-नेट फेलोशिप मिळते, महिन्याला ८,०००. ही फक्त केंद्रीय विद्यापीठांत आहे, राज्याच्या विद्यापीठात शिकणाऱ्याला नाही, हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊकच नसतं. २०१५ च्या ऑक्टोबरात यूजीसी ती बंद करायला निघाली होती, तेव्हा दिल्लीत विद्यार्थी यूजीसीच्या दारात ठाण मांडून बसले आणि ती वाचली. वाचली, पण आठ हजारांचे नऊ काही झाले नाहीत. तिथं शिकणारा पुसदचा एक मुलगा फोनवर म्हणाला, वसतिगृह मिळालं तर मेससकट तीन-साडेतीन हजारांत भागतं. म्हणजे सदतीस हजारांच्या स्वप्नापेक्षा आठ हजारांची वस्तुस्थिती या मुलीला परवडते. हिशेबाच्या वहीत असं उलटं गणित क्वचित सापडतं.

तिसरा कागद घरचा. राहण्या-जेवणाचा वेगळा खर्च शून्य, आणि महाज्योतीची फेलोशिप इथंही आशेवरच. सोबत एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावर काम, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात. तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत काही नाही, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. पीएचडी झाल्यावर अनुदानित कॉलेजात कायम जागा मिळायला काय काय लागतं हे जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल, त्यामुळे त्या विषयात शिरत नाही. गाइड चांगले आहेत. पण त्या केंद्रात लोकसाहित्यावरची पुस्तकं दोन कपाटांत मावतात, आणि तिच्याशी वाद घालायला बरोबरीचं कुणी नाही. पीएचडीला वाद घालणारी माणसं लागतात. ती नसली की प्रबंध होतो, अभ्यासक होत नाही.

तुम्ही म्हणाल, वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार आहे, स्वयं आहे, सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आहेत, आणि त्यांच्या जोरावर आमची शेकडो मुलं पदवीपर्यंत पोचली, हे मी उपकार मानून सांगते. पण त्यांचा हिशेब एकदा शांतपणे मांडून बघा. पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६०,०००. त्यातले ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे, ८,००० निर्वाहाचे. भागाकार करा. जेवायला दिवसाला अठ्ठ्याऐंशी रुपये पडतात. त्यात दोन वेळचं जेवण बसवता येईलही, पोहे सोडले तर. पण राहायला महिन्याला सोळाशे सहासष्ट. पुण्यात या पैशात कुठली खोली मिळते ते ज्यानं हे कोष्टक केलं त्यानं आम्हाला पत्ता कळवावा, आम्ही भाडेकरू पाठवतो. आणि हेही पैसे माझ्या मुलांना आधी खर्च करून मगच मिळाले. पोर्टलवर अर्ज, त्रुटी, पुन्हा अर्ज. वर्ष सरता सरता खात्यात. ज्याच्याकडे आधी खर्चायला आहेत त्यालाच ते नंतर मिळतात.

यात नवीन काही नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचे, म्हणजे टिसचे, विद्यार्थी संपावर गेले, ते याच गाठीवरून. दलित-आदिवासी मुलांची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती येते उशिरा, आणि वसतिगृहाचे व मेसचे पैसे संस्था मागते आधी. मधली दरी कुणी भरायची? तोवर ती संस्था सोसत होती, मग तिनं हात वर केले. यवतमाळातून टिसला, अझीम प्रेमजी विद्यापीठाला जाणारी पोरं वाढली त्याचं मोठं श्रेय राजू केंद्रे आणि त्यांच्या साथीदारांच्या 'एकलव्य'ला आहे. यवतमाळातच सुरू झालेलं काम. अर्ज कसा भरायचा, स्वतःविषयी दोन पानं कशी लिहायची, मुलाखतीत काय विचारतात, हे शहरातली मुलं घरातच शिकतात. आमच्या पहिल्या पिढीच्या मुलांना ते तिथं शिकायला मिळालं. म्हणजे दार ठोठावायची विद्या आता गावात आलीय. दार उघडतंही. उंबरठ्यावर पैसे मागतात, तिथं गाडं अडतं.

आता हे सगळं मानव्यविद्यांपुरतंच का सांगते? रसायनशास्त्रातल्या पोराला निदान गाइडच्या प्रकल्पात जागा मिळू शकते, प्रयोगशाळा विद्यापीठाची असते, उपकरण विद्यापीठाचं. इतिहास-मराठी-समाजशास्त्रवाल्याची प्रयोगशाळा त्याच्या स्वतःच्या चपलेत असते. या मुलीची प्रयोगशाळा म्हणजे दिग्रस, पुसद, महागाव, आर्णी तालुक्यांतले तांडे. तिला गाडीभाडं लागतं, रेकॉर्डर लागतो, गाणं म्हणणाऱ्या बाईचा रोज बुडतो त्याची भरपाई लागते. सरकारी कल्पनेत मात्र तिला कमी लागतं. जेआरएफमधला किरकोळ खर्च पहिली दोन वर्षं विज्ञानवाल्याला वर्षाला १२,००० आणि मानव्यविद्यावाल्याला १०,०००.

आणि तिच्या विषयाला घड्याळ आहे. एम.ए.च्या प्रकल्पासाठी तिनं दोन म्हाताऱ्या बायांकडून मोबाइलवर लेंगी भरून घेतली होती. त्यातली एक गेल्या उन्हाळ्यात वारली. फेलोशिप चौदा महिन्यांनी थकबाकीसकट आली तरी त्या बाईकडे जाता येणार नाही. मुलीच्या मोबाइलमध्ये त्या बाईची सतरा गाणी आहेत. बाईनं सांगितलं होतं, अजून पुष्कळ येतात, पुढच्या वेळी ये.

दीड वर्षापूर्वी नागपूरच्या अधिवेशनात, सारथीच्या फेलोशिपची संख्या २०० वर आणल्याच्या चर्चेत, पीएचडी करून काय दिवे लावणार असं विचारलं गेलं होतं. त्यावर तेव्हा पुष्कळ रान उठलं. मी रागावले नव्हते. प्रश्न कुत्सित असला तरी उत्तर द्यावं असा आहे. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला, केळापूर, झरी, मारेगाव भागात कोलाम राहतात. त्यांच्या भाषेचं शास्त्रशुद्ध व्याकरण १९५५ साली छापलं गेलं, ते कॅलिफोर्नियात. मरे एमेनो नावाचा भाषाशास्त्रज्ञ १९३५ ते १९३८ भारतात राहिला आणि वर्ध्याकडच्या कोलामांच्या तोंडून त्यानं ती भाषा टिपून घेतली. आजही कोलामीवर काही बोलायचं तर त्याच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते. त्याला कुणीतरी वेळेवर पैसे दिले होते, एवढंच त्यामागचं रहस्य. दिवा असा लागतो. आणि आपल्या उंबरठ्यावरची भाषा सातासमुद्रापलीकडून उजळावी लागली, ही शरम त्याची नाही, आपली.

आपल्याकडे कोण अभ्यास करायचं? यवतमाळात य. खु. देशपांडे होते, शारदाश्रम उभा करणारे, महानुभावांच्या पोथ्यांचे मोठे जाणकार. वणीचे लोकनायक बापूजी अणे होते, टिळकांवर संस्कृत काव्य लिहिणारे, ज्याला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोघांविषयी मला नितांत आदर आहे. दोघेही वकील. विद्येला तेव्हा वकिलीचं नाहीतर वतनाचं पाठबळ लागायचं. फेलोशिप नावाची गोष्ट आली ती ही अट मोडायला. पण ती दीड वर्ष उशिरा देऊन आपण ती अट मागच्या दारानं परत आणली. ज्याच्या घरी दीड वर्षाची तरतूद आहे त्यानंच ज्ञानेश्वरी वाचावी, बाकीच्यांनी पोलीस भरतीची तयारी करावी.

दिल्लीविषयी एक तक्रार आहे, ती तुम्ही तिकडे पोचवाल म्हणून सांगते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. १२५ जागा. २०२२ साली तिच्या नियमांत अशी ओळ आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन जाणाऱ्याला ती मिळणार नाही. विमुक्त जातीची मुलगी परदेशी जाऊन संगणक शिकू शकते, स्वतःच्या आजीच्या गाण्याचा अभ्यास करू शकत नाही. आणि याच आठवड्यातली बातमी वाचली असेल तुम्ही. यंदा निवड झाली १०६ जणांची, तात्पुरती मंजुरीपत्रं निघाली ४० जणांची. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर. निवड झालेल्या मुलांच्या विद्यापीठाची तारीख सप्टेंबरात असते, निधीची तारीख कुठंच नसते. पुन्हा तेच.

योगायोग बघा. वसंतराव जन्मले त्याच महिन्यात, जुलै १९१३ मध्ये, बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी. रक्कम बेताची, त्यातूनच घर आणि पुस्तकं. पण रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, अट लिहून दिलेली. मुदत संपली तेव्हा १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं, आणि सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० साली पुन्हा जावं लागलं. पैशाचा धागा तुटला की अभ्यासाचा तुटतो, हे त्यांच्याइतकं कुणी भोगलं नसेल. त्यांच्या नावाची फेलोशिप तुमचं सरकार देतं. शाहू महाराजांच्या आणि महात्मा फुल्यांच्या नावाचीही. नावं अशी तिघांची, आणि २४ डिसेंबर २०२३ ला बार्टी, सारथी, महाज्योती या तिन्ही संस्थांच्या फेलोशिपसाठी जी चाळणी परीक्षा झाली तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेची जशीच्या तशी उचललेली निघाली. १० जानेवारीला ती पुन्हा घ्यावी लागली. त्या गोंधळात मुलांचे किती महिने गेले ते मोजायची कुणाला गरज वाटली नाही, कारण गेलेल्या महिन्यांची थकबाकी मिळत नाही.

माझं मागणं लहान आहे. सदतीस हजारांचे चाळीस करू नका. मागणारे मागतील, त्यांना मागू द्या. माझं म्हणणं, प्रवेश झाल्या महिन्यापासून पहिल्या सहा महिन्यांची उचल द्या, पुढं फेलोशिप मंजूर झाली की त्यातून कापून घ्या. जाहिरात दरवर्षी ठरलेल्या एका तारखेला निघू द्या आणि चौघांची एकच असू द्या. पैसे ज्या तारखेला तुमच्या शिपायाचा पगार होतो त्याच तारखेला होऊ द्या. वित्त विभाग म्हणेल, भार पडेल. कुठला भार? जे पैसे तुम्ही दीड वर्षानं थकबाकी म्हणून देताच आहात, तेच आधी द्यायचे. पीककर्ज कापूस विकल्यावर द्यायचं ठरवलं असतं तर वसंतरावांनी ती फाइल फेकून दिली असती. पेरायला पैसे लागतात ते पेरणीच्या आधी. एवढं तर या राज्याच्या कारभाराला शेतकऱ्याच्या बाबतीत कळतं. कळत असूनही वेळेवर देत नाही, हा भाग वेगळा.

उचल घेऊन पळणारे निघतील, हेही मला माहीत आहे. मी तीस वर्षं या धंद्यात होते, असले प्रबंध बघितलेत की ज्यांना कागद म्हणणं हाही कागदाचा अपमान. फेलोशिपसाठी नाव नोंदवून दुसरीकडे नोकरी करणारेही बघितलेत. त्यांना जरूर पकडा. सहा महिन्यांनी काम दाखव म्हणा, नाही दाखवलं तर वसुली लावा. शेतकऱ्यामागे वसुली लावायला तुमच्याकडे माणसं कमी पडत नाहीत. पण चोराच्या भीतीनं सगळ्या गावाला उपाशी ठेवायचं हा न्याय माझ्या शाळेत तरी शिकवला नव्हता.

अजून एक, जाता जाता. गेल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी विद्यापीठ उभं राहतंय. आम्ही इथं पेढे वाटले, मी स्वतः वाटले. ते विद्यापीठ आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिथं पहिल्या दिवसापासून खोली, जेवण आणि महिन्याचे पैसे मिळतील अशी पंचवीस-तीस संशोधकांची सोय केलीत, तर या मुलीला चौथा कागद मिळेल आणि मला पुन्हा शिरा करावा लागेल.

तिनं अजून ठरवलेलं नाही. बापाचा कल अमरावतीकडे, म्हणजे घरीच. आईचं म्हणणं हैदराबाद, कारण वसतिगृहात मुली सुरक्षित. मुलीला पुणे हवंय, कारण तिला ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या बाई तिथं आहेत. मी हैदराबादच्या बाजूनं आहे, पण मनापासून नाही. महिन्याला आठ हजार मिळतात म्हणून गाइड निवडायचा, हा सल्ला देताना माझी जीभ जड होते. मलाही कुणीतरी १९८४ साली असाच शहाणपणाचा सल्ला दिला होता, आणि मी पुण्याऐवजी घरी राहून एम.ए. केलं. वाईट झालं नाही. पण काय झालं असतं हे मला कधी कळणार नाही.

पुण्याची फी भरायची शेवटची तारीख १८ जुलै आहे. बापानं काल एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिवाळीच्या कापसावर उचल मिळते का विचारलंय. व्यापारी देतो म्हणाला, भाव मात्र आत्ताच ठरवायचा. व्यापाऱ्यानं तारीखही सांगितली, येत्या शनिवारी. तुमच्याकडून त्याच्या आधी काही कळलं तर दिग्रसला निरोप द्यावा. मी घरीच असते.

आपली,
दिग्रसची एक निवृत्त मराठी प्राध्यापिका